घाटातली थांबलेली गाडी

बोरघाटाच्या जुन्या छायाचित्रांत एक दृश्य पुन्हा पुन्हा भेटते. मागे नागफणीचे टोक, पुढे डोंगराच्या सोंडेवर दगडी भिंतींनी पेललेली सपाटी, सपाटीवर रुळांच्या जोड्या आणि त्यांवर उभी असलेली गाडी. खाली खोल दरी, वर कोरे पांढरे आकाश. हे खंडाळ्याजवळचे रिव्हर्सिंग स्टेशन होय. १८६३ ते १९२९ अशी सहासष्ट वर्षे मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी येथे येऊन थांबत असे. पुढे रस्ता नव्हता, कडा होता. इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावले जाई आणि आतापर्यंत शेवटी असलेला डबा पहिला होऊन गाडी उलट दिशेने उरलेला घाट चढू लागे. १९२९ साली नवे बोगदे खोदून मार्ग बदलण्यात आला, रिव्हर्सिंग स्टेशन बंद झाले, त्या टापूतली जुनी वाट, तिच्यावरचे बोगदे व दगडकाम यांसह निरुपयोगी ठरली. आज या जागेचे आपल्यापाशी जे काही आहे, त्यातला फार मोठा भाग म्हणजे ही छायाचित्रे. म्हणूनच ती छायाचित्रे काय दाखवतात आणि काय दाखवत नाहीत, हा प्रश्न आम्हांला केवळ रेल्वेच्या हौशी अभ्यासकांचा वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य शिकवणाऱ्यांचाही तो प्रश्न आहे.

प्रथम एक साधी गोष्ट. घाटात पंचवीस बोगदे होते, आठ मोठे दरीपूल होते, पंधरा मैलांहून अधिक लांबीची चढण होती. मग गाडीसह टिपलेले चित्र इतक्या वेळा रिव्हर्सिंग स्टेशनाचेच का? सृष्टिसौंदर्य हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर तत्कालीन छायाचित्रणाच्या कृतीत आहे. १८५० नंतरची सुमारे तीन दशके ओल्या कलोडियनची पद्धत प्रचलित होती. काचेच्या तुकड्यावर कलोडियनचा थर द्यायचा, तो चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचा, थर ओला असतानाच काच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि ती वाळण्यापूर्वी तेथल्या तेथे रसायनांनी चित्र उमटवायचे. हे सारे काही मिनिटांच्या आत व्हावे लागे. त्यामुळे छायाचित्रकाराला काचा, बाटल्या, पाणी आणि काळोख करण्यासाठी लागणारा तंबू असा संसार बरोबर वागवावा लागत असे. भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात जे हलले ते पुसट होई, जे फार हलले ते उमटतच नसे. ही रसायने निळ्या रंगाला अतिशय संवेदनशील असल्यामुळे आकाश जळून पांढरे होई. जुन्या चित्रांत सह्याद्रीवर कधी ढग नसतात, याचे कारण तेथे ढग नसत असे नव्हे.

अशा साधनाने बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी टिपता येत नाही. टिपता येते ती उभी गाडी. आणि संपूर्ण घाटात नियमाने, सर्वांच्या डोळ्यांदेखत, थोडा वेळ गाडी उभी राहते असे ठळक ठिकाण म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. बांधणाऱ्यांच्या दृष्टीने ती अडचणीतून काढलेली वाट होती. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ती आयती सोय होती. बोगद्यांची छायाचित्रेही आहेत, पण त्यांत बहुधा बोगद्याचे तोंड असते, रूळ असतात आणि गाडी नसते. जे थांबेल त्याचीच नोंद होणार, हा त्या यंत्राचा स्वभाव होता. तो ध्यानात ठेवला म्हणजे पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

आता थोडा इतिहास. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५६ च्या मे महिन्यात ती खोपोलीपर्यंत, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी आली. १८५८ च्या जूनमध्ये घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. मध्ये घाट तेवढा राहिला. पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत, डोलीत, तट्टावर वा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेली घाटातील चढण १५.८६ मैलांची होती; तेवढ्यात १,८३१ फूट उंची गाठायची होती. सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांस एक फूट. काळा कातळ हाताने छिद्रे पाडून आणि बंदुकीच्या दारूने उडवून फोडला जात होता, कारण डायनामाइटचा शोध लागायलाच १८६७ साल उजाडायचे होते. पावसाळ्यात उघड्यावरचे काम जवळजवळ बंद पडे, मजूर शेताकडे परतत, पाऊस सरल्यावर पुन्हा जमवाजमव होई. १८६१ च्या प्रारंभी या कामावर दिवसाला ४२,००० हून अधिक माणसे होती. पुरुष, बायका, मुले. त्या काळच्या महाराष्ट्रात एवढी वस्ती असलेली शहरे फार नव्हती. घाटात मात्र एक शहरच्या शहर तट्ट्यांच्या आडोशाला राहत होते, दगड वाहत होते, आणि पटकीने व तापाने मरत होते. मृतांचा आकडा काही इतिहासलेखक २४,००० च्या घरात नेतात. मजुरांची मोजदाद गणनेपुरती होत होती, मरणाची नोंद मात्र त्या काळजीने झाली नाही. म्हणून या आकड्याकडे आम्ही सावधपणे पाहतो, पण तो कमी करून मनाचे समाधान करून घ्यावे असेही आम्हांला वाटत नाही.

कामाचे पहिले कंत्राट विल्यम फॅव्हिएल याचे. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, आणि मुकादमाच्या हाताखाली मजुरांच्या टोळ्या. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा थोडा झिरपत असे. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या आणि कापलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. त्यात एक युरोपीय मारला गेला आणि सरकारी चौकशी झाली. इयान केर यांनी भारतीय रेल्वेच्या बांधकामावरील आपल्या १९९५ सालच्या ग्रंथात व त्यापूर्वीच्या लेखनात या प्रकरणाकडे लक्ष वेधले आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संपांपासून आपल्याकडील कामगार चळवळीचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. बोरघाटातली ही घटना त्याच्या किती तरी आधीची. आमच्या पाठ्यपुस्तकांत ती कधी आली नाही.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फॅव्हिएलने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला तो आजारी पडून पंधरवड्याच्या आतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस त्याच्याबरोबर आली होती. तिने कंत्राट सोडले नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी माणसांवर व्यवस्था सोपवून तिने ते तडीस नेले. घाटाच्या कामाच्या छायाचित्रांचा एक संग्रह तिच्या नावावर आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर परक्या मुलखातल्या डोंगरात काचा आणि रसायने घेऊन उभी राहिलेली ही बाई आमच्या कल्पनेला फार खेचते, हे कबूल केले पाहिजे. पण हेही सांगितले पाहिजे की ती या कामाची कंत्राटदार होती. तिच्या नावावरच्या चित्रांत उभा राहणारा घाट हा एका परीने तिच्या हिशेबवहीतला जमेचा रकाना आहे. बांधकामाची छायाचित्रे तेव्हा लंडनच्या संचालकांना आणि भागधारकांना पैसा कोठे गेला ते दाखवण्यासाठी उपयोगी पडत. त्यांत कमान नीट दिसावी, भिंतीचा ओळंबा दिसावा, बोगद्याचे तोंड रेखीव दिसावे, ही अपेक्षा स्वाभाविक होती. माणूस असलाच तर दगडी कामाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून उभा केलेला. त्या काळच्या स्थापत्यविषयक छायाचित्रांची ही रीतच होती. दोन इमारती दगडांच्या उंचीएवढा एक माणूस, असे ते माप.

येथे कोणी म्हणेल की मजूर दिसत नाहीत हा दोष यंत्राचा आहे. पाटी उचलून चाललेली बाई काही सेकंद स्थिर कशी राहील? पहार मारणाऱ्याचा हात धुक्यासारखाच उमटणार. हे खरे आहे आणि त्यात एक विलक्षण न्याय-अन्याय भरलेला आहे. जो राबत होता तो पुसला गेला, आणि जो काम थांबवून उभा राहिला, बहुधा टोपी घातलेला साहेब, तो राहिला. परंतु सगळा भार यंत्रावर टाकता येणार नाही. माणसांना स्थिर उभे करून त्यांची चित्रे घेणे तेव्हा शक्य होते आणि ती घेतलीही जात होती. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात पुढे होते आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय व्यावसायिक छायाचित्रकार उदयाला आले होते. विल्यम जॉन्सन या मुंबईतील छायाचित्रकाराने शहरातील जातीजमातींच्या चित्रांचा ग्रंथ काढला, त्याचा पहिला खंड १८६३ सालचा, म्हणजे ज्या वर्षी बोरघाट वाहतुकीला खुला झाला त्याच वर्षीचा. त्यात माणसे आहेत, पोशाखासकट, पागोट्यासकट. पण ती कामावर नाहीत. त्यांची चित्रे वेगळी घेऊन मागे वेगळ्या दृश्याची जोड दिलेली आहे. एका बाजूला माणसांवाचून काम आणि दुसऱ्या बाजूला कामावाचून माणसे. घाट बांधणारा हात या दोन संग्रहांच्या मधल्या फटीत नाहीसा झाला.

१८६३ हे वर्ष मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला आणखी एका कारणाने ठाऊक असते. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्याआधी नऊ वर्षे, १८५४ साली, कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’ आले होते. दोन्ही पुस्तकांच्या नावात ‘वर्णन’ हा शब्द आहे, तो आकस्मिक नाही. नव्या गोष्टी पाहाव्यात, त्यांची मोजमापे सांगावीत, उपयोग सांगावा, लोकांच्या मनातील भीती घालवावी, हा त्या पिढीच्या गद्याचा मोठा उद्योग होता. ते गद्य आम्हांला प्रिय आहे. त्यातील कुतूहल निर्मळ आहे, वाक्ये तोकडी आणि सरळ आहेत, नव्या वस्तूंना मराठी नावे देण्याची धडपड आजही शिकण्यासारखी आहे. परंतु वर्णनाचा हा डोळा कॅमेऱ्याच्या डोळ्याचा सख्खा भाऊ होता. पूर्ण झालेली वस्तू त्याला दिसते, ती होत असतानाचे कष्ट त्याच्या कक्षेत येत नाहीत. आगगाडीचे आश्चर्य मराठीत आले, आगगाडीचा रस्ता खोदणारे मराठीत आले नाहीत. अपवाद शोधायचा तर तो जोतीराव फुले यांच्याकडे जावे लागते. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. मजूर, मुकादम, कारकून आणि साहेब यांच्यामध्ये पैसा कसा मुरतो हे त्यांनी जवळून पाहिले होते, आणि बांधकाम खात्यातल्या लबाडीवर त्यांनी रोखठोक लिहिले. त्यांचे लेखन बोरघाटाविषयी नाही. पण १८५९ सालच्या दंग्यामागची व्यवस्था समजून घ्यायची असेल, तर मराठीत त्यांच्याइतका दुसरा साक्षीदार नाही.

लिहिता येणाऱ्यांनी ही नोंद ठेवली नाही. न लिहिणाऱ्यांनी एक ठेवली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाट चढताना वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. शिंग्रोबा हा धनगर. साहेबांना घाट चढण्याचा मार्ग सापडेना, तेव्हा गुरे हाकता हाकता त्याने तो दाखवला. काय बक्षीस हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबांनी त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. कोणी सांगते तो रस्ता गाडीवाटेचा, कोणी सांगते रेल्वेचा. कागदपत्रांच्या कसोटीला ही कथा उतरणार नाही. स्वातंत्र्य मागण्याचा तपशील तर उघडच मागाहून चिकटलेला आहे. पण ही भाकडकथा म्हणून बाजूला सारण्याची घाई आम्ही करणार नाही. जुन्या घाटांची माहिती स्थानिक धनगर, ठाकर, कातकरी यांच्या पायांखालची होती, आणि आखणी करणाऱ्यांना तिचा उपयोग झाला नसेल असे मानणे कठीण आहे. शिवाय कथेचा गाभा पाहावा. वाट दाखवली एकाने, मोल मागितल्यावर त्याला मरण मिळाले. मोलाच्या मागणीवरून पेटलेला दंगा याच डोंगरात झाला होता. लोककथेला साल ठाऊक नसते, आकडा ठाऊक नसतो. हजारोंच्या मरणाला ती एक नाव देते, एक देऊळ देते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला तेथे गाडी हळू करून नाणे टाकायला लावते. छायाचित्राला जे साधले नाही ते तिने आपल्या परीने साधले. अर्थात यातही एक उणे आहेच. कथेने पुरुषाला ठेवले. डोक्यावर पाटी घेतलेल्या बायांना येथेही नाव नाही. मुळशी-मावळात हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्याची संख्या लाखाच्या वर जाते. घाटाच्या कामाच्या आठवणीच्या शोधात हा संग्रह एखाद्या विद्यार्थ्याने नव्याने वाचावा, असे आम्ही अनेक वेळा वर्गात सुचवले आहे. विषय थोडा कष्टाचा असल्यामुळे असेल, अद्याप कोणी घेतलेला नाही.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. बर्कली तो पाहायला नव्हता. आदल्या वर्षी ऑगस्टमध्येच त्याचे निधन झाले होते. पुढच्या चारच वर्षांत, १८६७ साली, घाटातला एक मोठा दरीपूल कोसळला आणि इतक्या कौतुकाच्या दगडकामाचा कस निघाला. पूल पुन्हा बांधला गेला, गाड्या धावत राहिल्या. रिव्हर्सिंग स्टेशनाची चित्रे तोवर प्रवाशांच्या संग्रहांत जाऊन बसली होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती पोस्टकार्डांवरही आली.

तोपर्यंत छायाचित्रणही बदलले होते. कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली, हातात धरता येणारा कॅमेरा आला. आता धावती गाडी बोगद्याच्या तोंडाशी टिपणे शक्य झाले. आणि ज्या वेळी हे सहज शक्य झाले, त्याच सुमारास घाटातली ती थांबण्याची जागा नाहीशी होण्याच्या वाटेला लागली. कारणे व्यवहाराची होती. इंजिन फिरवण्यात वेळ जाई, स्टेशनाच्या लांबीपेक्षा लांब गाडी नेता येत नसे आणि वाहतूक तर वाढत होती. कसाऱ्याच्या थळ घाटातही अशीच उलटी वाट होती, तीही अशीच नाहीशी झाली. १९२९ साली बोरघाटात नवे बोगदे आणि विजेच्या तारा दोन्ही आल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कल्याण-पुणे मार्गावर विजेची गाडी सुरू झाली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावली. घाटाचे विजेचे इंजिन लांब नाकाडांचे, सांध्यांत वळणारे, रेल्वेच्या कामगारांनी ज्याला ‘खेकडा’ असे अचूक नाव दिले ते. जुन्या वाटेचे रूळ काढले गेले. दगड राहिले ते राहिले.

बंद होणाऱ्या रिव्हर्सिंग स्टेशनाला निरोप द्यायला छायाचित्रकारांची झुंबड उडाल्याचे आमच्या वाचनात नाही. तसे होण्याचा तो काळच नव्हता. जाणाऱ्या वस्तूचे शेवटचे छायाचित्र घ्यावे ही ओढ पुष्कळ अलीकडची आहे. वाफेची इंजिने गेली, मीटरगेजचे मार्ग रुंद झाले, तेव्हा आपल्याकडेही हौशी मंडळी कॅमेरे घेऊन डोंगरात आणि पुलांवर पहाटेपासून उभी राहू लागली. त्यांच्या चिकाटीबद्दल आम्हांला आदर आहे. त्यांनी कोणत्या बोगद्यातून कोणते इंजिन कोणत्या वर्षी गेले याच्या ज्या नोंदी ठेवल्या, त्या कित्येक विद्यापीठीय प्रबंधांहून विश्वसनीय आहेत. परंतु ही ओढ कोणाला लागते तेही पाहावे लागते. बोगदा ज्याच्या पोटापाण्याचा असतो तो त्याचा शेवटचा फोटो काढत बसत नाही. त्याला पुढचे काम शोधायचे असते. १९२९ च्या नव्या बोगद्यांतही सुरुंग लावणारे हात होते. त्यांची चित्रे शोधू जावे तर पुन्हा तेच, बोगद्याचे रेखीव तोंड आणि नवे चकचकीत इंजिन. वसंत बापट यांची दख्खनच्या राणीवरील कविता पुष्कळांच्या शाळेतल्या आठवणीतली आहे. तिच्यात खिडकीबाहेरच्या सृष्टीकडे पाठ करून आपापल्यात गढलेले प्रवासी आहेत. कवितेचा रोख अचूक आहे. फक्त आम्हांला वाटते, खिडकीबाहेर सृष्टीखेरीज आणखीही काही होते, जे कवीच्याही दृष्टीआड राहिले.

याच डोंगरात आमच्या डोळ्यांसमोर एक वास्तू पाडली गेली. रेल्वेच्याही आधीचा, १८३० सालचा, गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत कॅप्टन ह्यूज याने बांधलेला पूल, ज्याला एका बामच्या जाहिरातीमुळे सारे जण अमृतांजन पूल म्हणत. द्रुतगती मार्गावर त्याचे खांब वाहतुकीला अडसर होते. २०२० च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, टाळेबंदीमुळे रस्ता रिकामा असताना, तो सुरुंगांनी उडवण्यात आला. निरोपाचे छायाचित्र घ्यायला कोणाला जाता आले नाही. जे आले ते काही सेकंदांचे चलच्चित्र. कमानी उभ्या आहेत, धुरळा उठतो, कमानी नाहीत. पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, आम्हीही केली. त्याच दिवसांत राज्यातील रस्त्यांवरून आणि रुळांवरून दुसरीकडून आलेले मजूर आपापल्या गावांकडे पायी निघाले होते. ८ मे रोजी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. त्या घटनेचे सर्वांनी पाहिलेले छायाचित्र आठवावे. त्यात माणसे नाहीत. रूळ आहेत, खडी आहे आणि खडीवर विखुरलेल्या भाकऱ्या आहेत. ते चित्र पाहिल्यापासून बोरघाटाच्या जुन्या चित्रांतली रिकामी खडी आम्हांला पूर्वीसारखी रिकामी दिसत नाही.

आजही घाटातून जाणारी गाडी मध्येच थांबते. चढताना कर्जतला मागून ढकलणारी इंजिने लागतात, उतरताना मंकी हिलला आणि ठाकूरवाडीला ब्रेकची खातरजमा करण्यासाठी थांबावे लागते, न थांबल्यास गाडी चढाच्या बाजूच्या रुळावर वळवून रोखण्याची व्यवस्था घाटात आहे. येथे कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही. पावसाळ्यात या दोन मिनिटांत प्रवासी दाराशी येतात आणि मोबाइल पुढे करून बोगद्याचे तोंड, धबधबा, वळणावर दिसणारे आपल्याच गाडीचे इंजिन टिपतात. गेल्या खेपेस आम्हीही टिपले. घरी येऊन पाहिले तेव्हा चित्राच्या कडेला, रुळाशेजारी, नारिंगी अंगरखा घातलेला एक गँगमन खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडी जाण्याची वाट पाहत उभा असलेला दिसला. टिपताना तो आमच्या लक्षात आला नव्हता. त्याच्या मागे पिवळ्या पाटीवर त्या जागेचे नाव होते, पूर्वी कधी तरी तेथे असलेल्या ठाकरांच्या वाडीवरून पडलेले.